नेमाने चुकलेला काटा

मी एक जुना वजनकाटा आहे. पायात रुततो तो काटा नव्हे हं, मित्रांनो! माझी उंची तुमच्या विज्ञानाच्या सरांच्या छातीएवढी, दांडी पितळेची आणि पायाशी एवढा रुंद लोखंडी पाट की पिठाचं पोतं आरामात आडवं पडावं. सध्या माझा मुक्काम तुमच्याच शाळेच्या प्रयोगशाळेत, दारामागे. सर माझ्या दांडीला छत्री अडकवतात. तुम्ही माझ्यावर दप्तरं फेकता आणि मधल्या सुट्टीत तिघं-तिघं मिळून उड्या मारता. एरवी मी याबद्दल कुरकुर केली असती. पण आज कुरकुरीला सवड कुणाला आहे? कालपासून माझी दांडी एका जागी ठरत नाहीये!

काय झालं ते सांगतो. काल शाळा सुटल्यावर सातवीच्या दोन मुली इथे मागे राहिल्या. शनिवारच्या वादविवाद स्पर्धेची तयारी करायची होती. विषय फळ्यावर लिहिला होता, फाशीची शिक्षा असावी की नसावी. एकीला सगळे चष्मिश म्हणतात, ती ‘नसावी’ची बाजू मांडणार. दुसरी तुरतुरी, ती ‘असावी’ची. तुरतुरी पाय आपटत थेट माझ्या पाटावर चढली, जणू काही मी तिचं व्यासपीठच, आणि हात उंच करून कडाडली, “माझ्या आजोबांच्या सख्ख्या धाकट्या भावाला एका माणसाने मारलं! आणि तो माणूस तुरुंगात जन्मभर आयता पाव खात बसला! हा न्याय झाला का?”

चष्मिशने आपला कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचून काढला. 

आणि मी? मी आतल्या आत ओरडत होतो! अगं पोरी, तो पाव मीच तोललाय! तुझ्या आजोबांनी माझ्यावरच तोललाय! तू ज्याच्यावर उभी आहेस तोच तो काटा! पण काट्याला तोंड नसतं. म्हणून मित्रांनो, आता जे सांगतोय ते नीट ऐका, आणि तिला ऐकवा.

माझा जन्म एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. दांडी ज्या पोलादी धारेवर तोलते ती धार एका म्हाताऱ्या मिस्त्रीने अकरा दिवस घासली. शेवटी त्याने माझ्या पाटावर आधी एक खिळा ठेवला आणि मग काढून घेतला. दांडी हलली. मिस्त्री खूश होऊन म्हणाला, “घ्या! याला खोटं बोलताच यायचं नाही.” ते वाक्य माझ्या डोक्यात गेलं. तेव्हापासून मी माझ्या नाकावर माशी बसू दिली नाही.

मला घेतलं एका तुरुंगाने. तिथे कैद्यांसाठी पाव भाजायची मोठी भट्टी होती, आणि भट्टीला लागून धान्याची कोठी. कोठी सांभाळणारे म्हणजे तुरतुरीचे आजोबा. तेव्हा ते आजोबा नव्हते, सगळे त्यांना कोठीवाले दादा म्हणत. उंच, कानावर पेन्सिल, आणि स्वभावाने सुतासारखे सरळ. त्यांचा एक नेम होता. रोज सकाळी भट्टीतला पहिला ट्रे बाहेर यायच्या आधी ते फळीवरून वीस किलोचं लोखंडी वजन उचलून माझ्या पाटावर ठेवत. दांडी बरोबर विसावर थांबली तरच पुढचं काम. “आधी काट्याची परीक्षा, मग पावाची,” असं ते म्हणत. केसभर फरक दिसला तर माझ्या मागच्या टांगत्या वजनाच्या पोटातले छर्रे काढून किंवा घालून मला ताळ्यावर आणत. चाळीस पावांचा ट्रे, वीस किलो. कमी भरला तर वर एक तुकडा. कैद्याला ना कमी ना जास्त.

वर्षातून एकदा मापं तपासणारे साहेब येत. त्यांच्याकडे स्वतःची वजनं असत, पण ती गाडीतून उतरवून दोन जिने चढवायची म्हणजे कंबरेचं काम. ते हसून म्हणत, “दादांचं वजन म्हणजे सोनं. आणा तेच.” आणि दादांच्याच वजनावर मला तपासून शिक्का मारून जात. हे लक्षात ठेवा हं. पुढे घोडं इथेच पेंड खाणार आहे.

मग दादांच्या घरी तो घाला पडला. त्यांचा धाकटा भाऊ बसमध्ये कंडक्टर होता. एका दारुड्याशी भांडण झालं, आणि दारुड्याने भर रस्त्यात भावाचा जीव घेतला. दारुड्याला जन्मठेप झाली. आणि नशिबाची चेष्टा बघा, तो आला आमच्याच तुरुंगात, सहा नंबरच्या बराकीत! तुरुंगाच्या मोठ्या साहेबांनी दादांना विचारलं, बदली हवी का? दादा म्हणाले, “मी कशाला जाऊ? मी काय गुन्हा केलाय?” तेव्हापासून रोज सकाळी सहा नंबरचा ट्रे माझ्यावर यायचा तेव्हा दादांचा जबडा आवळलेला असायचा. पण मित्रांनो, मी शपथेवर सांगतो, त्या ट्रेमधून त्यांनी कधी कणभरही कमी केला नाही. कमी भरला तर वरचा तुकडा त्यांनी स्वतःच्या हाताने ठेवला.

मात्र फाशीचा विषय निघाला की दादा पेटायचे. आणि विषय काढायला डॉक्टरबाई होत्याच! त्या तुरुंगाच्या दवाखान्यात होत्या. दर सोमवारी पावाचं वजन पडताळायला कोठीत यायच्या. पाच मिनिटांचं काम, पण वाद अर्धा तास. मला तर सोमवार कधी उजाडतो असं व्हायचं!

“माझ्या भावाला कुणी दयेचा अर्ज करायला वेळ दिला होता का?” दादा विचारायचे.

“नाही दिला. म्हणून तर त्याला खून म्हणायचं. तेच आपण करायचं?”

“मी करत नाही, बाई. कायदा करतो. आणि कायद्याला धाक नको?”

“धाकाचं म्हणाल तर भांडणात सुरी काढणारा माणूस आधी कायद्याचं पुस्तक उघडत नाही. आणि चुकलं तर? चोर सोडून संन्याशाला सुळी दिली तर?”

“म्हणून चोरालाही सोडायचं?”

“सोडा कोण म्हणतंय? आत ठेवा. जन्मभर ठेवा. उद्या चूक निघाली तर दार उघडता येतं, एवढंच माझं म्हणणं.”

यावर दादा पेन्सिल कानावरून काढून परत कानावर ठेवायचे. “जन्मभर ठेवा, हे बोलायला सोपं आहे. पाव तोलून तुम्ही देत नाही. मी देतो.”

मग डॉक्टरबाई वहीत पावाचा आकडा लिहून निघून जायच्या. खरं सांगतो, त्या वेळी मला दादांचं पटायचं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आणि शिवाय आमचा दोघांचा विश्वास असा की चूक होतच नाही. तपासून घेतलं की चूक कुठून होणार? आम्ही रोज तपासत होतो!

माझं आणखी एक काम होतं. ते क्वचितच असे, आणि ते मी सांगणार नव्हतो. फाशी द्यायच्या आदल्या दिवशी त्या कैद्याचं वजन करून नोंदवहीत लिहायचं, असा तुरुंगाचा नियम होता. तेही शिक्क्याच्या काट्यावर, आणि काटा ज्याच्या ताब्यात त्याच्या सहीने. म्हणजे माझ्यावर, आणि दादांच्या सहीने.

पहिल्यांदा आला तो एक गवंडी. हाताला चुन्याच्या जुन्या भेगा होत्या. तो पाटावर उभा राहिला आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, “मी नाही केलं हो. मी तिथे नव्हतो.” दादांनी दांडीवरचं पितळी वजन सरकवलं, आकडा वाचला, सही केली. मी अगदी बरोबर वजन सांगितलं होतं. ग्रॅमचाही फरक नव्हता, आणि मला त्याचा अभिमान वाटला! आज तो अभिमान आठवला की माझा मलाच गंज चढतो.

गवंड्याला नेल्यावर दादांनी नेमाप्रमाणे वीस किलोचं वजन फळीवर परत ठेवायला घेतलं. पण त्या दिवशी त्यांचं लक्ष गवंड्याला नेलं त्या दाराकडे होतं. वजन निसटलं आणि फरशीवर धाडकन आदळलं. दादांनी उचलून पाहिलं. धरायचा कान शाबूत, कडा शाबूत. पुसून फळीवर ठेवलं.

आता एक बारीक गोष्ट सांगतो. असं लोखंडी वजन ओतताना मुद्दाम थोडं हलकं ठेवतात. त्याच्या बुडाला एक खोबण असते, तिच्यात शिसं ठोकून ते बरोबर वीस किलो करतात. त्या आदळण्याने लिंबाएवढा शिशाचा गोळा बुडातून सुटला आणि गडगडत पिठाच्या पेटीखाली गेला. मी पाहिलं! पण सांगणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा झाली. वजन हलकं झालेलं, म्हणून माझी दांडी विसाच्या अलीकडे थांबली. दादा पुटपुटले, “अरे, काल भारी माणूस तोलला आणि आज तू बिघडलास होय?” आणि माझ्या पोटातले छर्रे काढून त्यांनी मला त्या उणावलेल्या वजनाशी जुळवलं. मी मनातल्या मनात थयथयाट केला. मी बरोबर आहे, ते वजन खोटं आहे! पण रोज सकाळी तेच वजन, रोज तोच वीस. महिनाभरात काय झालं माहीत आहे? मलाही पटलं की वीस किलो म्हणजे एवढंच. आपण बरोबर आहोत असं सगळे रोज म्हणायला लागले की मनातली शंका कुठल्या कुठे पळते.

अशी नऊ वर्षं गेली. प्रत्येक ट्रेमागे जवळजवळ एक पाव कमी. आणि शिक्का दर वर्षी ताजा.

मग आला वायरमन.

आला म्हणजे तुरुंगात तो दोन वर्षांपासून होता. बर्फाच्या कारखान्यात विजेची कामं करायचा. कारखान्याच्या मालकाचा खून झाला, आणि रखवालदाराने सांगितलं की मी वायरमनला मागच्या दाराने पळताना पाहिलं. फाशी ठरली. दयेचा अर्ज फेटाळला. पण शेवटच्या आठवड्यात रखवालदार स्वतःहून वायरमनच्या वकीलबाईंकडे गेला आणि म्हणाला, “मी तोंड पाहिलं नव्हतं. त्याचं निळं जाकीट पाहिलं होतं. मला झोप लागत नाही.” वकीलबाईंनी धावत नवा अर्ज केला. कोर्ट म्हणालं, गुरुवारी ऐकू. पण फाशीची तारीख होती मंगळवारची! ती कुणी बदलली नव्हती. एका कचेरीचं टेबल वेगळं, दुसरीचं वेगळं, आणि दोन टेबलांच्या मध्ये एक माणूस.

वायरमनची आई तुरुंगाच्या फाटकासमोरच्या बाकावर मांडीत पिशवी घेऊन बसून होती. आत सोडत नव्हते, आणि ती घरी जात नव्हती.

सोमवारी सकाळी त्याला माझ्याकडे आणलं. दोन शिपाई, मोठे साहेब, डॉक्टरबाई आणि दादा. साहेबांचे डोळे लाल होते, कॉलर घामाने भिजली होती. वायरमनने सहा दिवस अन्नाला शिवलंही नव्हतं. तो पाटावर चढला आणि काय केलं असेल? त्याने माझी दांडी निरखून पाहिली! “पितळ आहे होय? छान ठेवलाय,” असं तो दादांना म्हणाला. दादांनी मान खाली घालून आकडा वाचला, “बरोबर अठ्ठावन्न किलो.”

“किती?” डॉक्टरबाई पुढे आल्या. “परत वाचा.”

“अठ्ठावन्न.”

“शनिवारी माझ्या दवाखान्यातल्या काट्यावर सत्तावन्न भरला होता. पोटात अन्नाचा कण नाही, आणि माणूस एक किलोने जाड झाला? वारा खाऊन?”

दादांचं नाक लाल झालं. “तुमच्या काट्यावर शिक्का आहे का, बाई? माझ्या काट्यावर आहे.”

“शिक्क्याचं मला सांगू नका. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर!”

“दाखवतो की! हातच्या कांकणाला आरसा कशाला?” दादांनी वायरमनला बाजूला उभं केलं, फळीवरून वीस किलोचं वजन ओढलं आणि पाटावर ठेवलं. मी श्वास रोखला. दांडी हलली, डुलली आणि थांबली. बरोबर वीस! दादांनी सगळ्यांकडे असं पाहिलं की काय सांगू. आणि मीही छाती काढली, मित्रांनो. मीही!

“झालं समाधान?” असं म्हणत दादांनी वजन कानाला धरून उचललं. उचलताना ते किंचित कलंडलं. वायरमन बाजूलाच उभा होता. कारागिराची नजर ती, हातात बेड्या असल्या तरी नजरेला कोण बेड्या घालणार? तो अगदी सहज म्हणाला, “दादा, याच्या बुडाला शिसं असतं ना? इथे तर नुसतं भोक दिसतंय.”

 दादांनी वजन उलटं केलं. खोबण रिकामी होती, आणि तिच्या कडांना नऊ वर्षांचं पीठ घट्ट बसलं होतं.

हातातून ते निसटलं होतं तो दिवस त्यांना आठवला असावा. मग त्यांची नजर फरशीवर गेली, फरशीवरून पिठाच्या पेटीकडे गेली. “काठी आणा,” ते म्हणाले. एक शिपाई पोटावर आडवा झाला, पेटीखाली काठी फिरवली, आणि जाळ्या-जळमटांत गुंडाळलेला तो शिशाचा गोळा गडगडत बाहेर आला! दादांनी शर्टाने पुसून तो खोबणीत बसवला. अगदी घट्ट बसला. त्यांनी वजन परत माझ्यावर ठेवलं, आणि माझी दांडी ठाककन वर उडाली. वीस किलो चारशे! विसाला चारशे ग्रॅम, म्हणजे अठ्ठावन्नाला किलोभर!

एका क्षणात मला सगळं आठवलं. पहिल्या दिवशीचा माझा थयथयाटही आठवला. मी खरा होतो, मग खोटा झालो, आणि खोटा असताना सगळ्यांत जास्त ताठ उभा होतो!

दादा पोत्यावर बसले. बोटांवर काहीतरी मोजत होते, मोजून संपेना. “नऊ वर्षं,” ते म्हणाले. “रोज सकाळी. नेमाने.”

मोठे साहेब घसा खाकरून म्हणाले, “दादा, किलोभराचा प्रश्न आहे. दवाखान्याचा आकडा लिहा, सही करा, मिटवून टाकू. उद्याची सगळी तयारी झाली आहे.”

दादांनी मान वर केली. भावाचा फोटो ज्यांच्या खिशात असायचा, फाशीवरून जे दर सोमवारी भांडायचे, तेच हे दादा! माझी दांडी लटलटत होती. आता एका सहीवर त्या माणसाचा गुरुवार होता. दादांना काहीच करायचं नव्हतं, फक्त नेहमीसारखी सही करायची होती.

“नियमात शिक्क्याचा काटा म्हटलंय, साहेब. आणि शिक्क्याचा काटा खोटा आहे.”

“अहो, पण एवढ्याशा फरकाने काय होतंय?”

“खोट्या काट्यावर सह्या करून मी नऊ वर्षं पाव वाटला,” दादा म्हणाले. “तो भरून देता येईल. याच्या बाबतीत काय भरून देणार?” आणि त्यांनी कानावरची पेन्सिल काढून साहेबांच्या हातात दिली. “मी सही करणार नाही. तुम्हाला करायची तर तुम्ही करा.”

साहेबांनी पेन्सिलीकडे पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी पेन्सिल तशीच माझ्या पाटावर ठेवली आणि वर फोन करायला गेले. अर्ध्या तासाने परत आले ते मोठा श्वास सोडतच. काटा दुरुस्त होऊन नवा शिक्का बसेपर्यंत तारीख पुढे! मापं तपासणाऱ्या साहेबांना यायला आठ दिवस लागणार होते, आणि या खेपेला त्यांना आपली वजनं आपल्या कमरेवर आणायला सांगितलं होतं.

वायरमनला कुणी काही सांगायच्या आत तो खाली बसला होता. त्याला सहा दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. दादांनी ट्रेमधला पाव दिला, तोलल्याशिवाय.

गुरुवारी दुपारी डॉक्टरबाई अशा धावत आल्या की कोठीच्या दारात पिठावर सटकन घसरल्या आणि बसल्या बसल्याच ओरडल्या, “थांबवली! कोर्टाने फाशी थांबवली! खटला पुन्हा ऐकणार!” भट्टीवरच्या कैद्यांनी रिकामे ट्रे बडवले. मला टाळ्या येत नाहीत, पण कुणीतरी माझ्या पाटावर उडी मारली आणि माझी दांडी खणखणली, ती टाळी समजा! फाटकासमोरच्या बाकावरून ती आई उठली होती म्हणे, आणि पिशवी तिथेच विसरून शिपायाचे दोन्ही हात धरून उभी होती.

दादा मात्र नाचले नाहीत. त्यांनी नवं काम काढलं होतं. पावांची तूट भरून द्यायची! त्यांनी साहेबांकडून परवानगी आणली, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ट्रेवर एक जादा पाव चढायला लागला. जे सुटून गेले होते त्यांच्या वाटचा पाव दवाखान्यातल्या कैद्यांना. पहिल्या दिवशी दादा स्वतः वाटायला उभे राहिले. रांग सरकत सहा नंबरपर्यंत आली आणि तो माणूस समोर आला, ज्याने त्यांचा भाऊ मारला होता. इतक्या वर्षांत दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. तो हात पुढे करेना.

“मला पण?” त्याने खालच्या मानेने विचारलं.

“तुला पण,” दादा म्हणाले. “काटा तुझ्यासाठी वेगळा नव्हता.” त्यांनी पाव त्याच्या हातात ठेवला आणि पुढच्याला बोलावलं. त्यांचा जबडा त्या दिवशीही आवळलेलाच होता. दादांनी त्याला माफ केलं असं मी म्हणणार नाही. फक्त जे त्याचं होतं ते त्याला दिलं.

खटला पुन्हा चालला. वर्ष गेलं, दुसरं गेलं. मालकाचा पुतण्या कबूल झाला. दाराला टांगलेलं वायरमनचं निळं जाकीट अंगात घालून तोच पळाला होता. म्हणजे बघा मित्रांनो, रखवालदार खोटं बोलला नव्हता, त्याने जाकीट खरंच पाहिलं होतं. पोलीस खोटं बोलले नव्हते, न्यायाधीशही नाही. दादांनी तरी नऊ वर्षांत कुठे खोटं केलं होतं? सगळे नेमाने वागले आणि सगळे चुकले.

सुटायच्या दिवशी वायरमन मुद्दाम कोठीत आला. “दादा, एकदा तोला की!” तो हसत पाटावर चढला. दादांनी आधी वीस किलोचं वजन आणलं, उलटं करून बूड पाहिलं, मग माझी परीक्षा घेतली, आणि मग त्याला तोललं. एकाहत्तर किलो! किती आनंद झाला म्हणून सांगू! आयुष्यात मी हजारो ट्रे तोलले, पण वजन जास्त भरलं म्हणून हसणारी माणसं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. बाहेर त्याची आई त्याच बाकावर बसली होती. या वेळी ती पिशवी विसरली नाही, वायरमननेच ती उचलून घेतली.

तो गेल्यावर कोठीत दादा आणि डॉक्टरबाई दोघेच उरले. दादांनी नोंदवही काढून मागची पानं उलटली. शिसं पडलं त्या दिवसाचं पान. पहिल्याच ओळीत गवंड्याचं वजन आणि खाली त्यांची सही.

“तोसुद्धा हेच म्हणत होता ना? मी नाही केलं म्हणून?”

“हो, दादा.”

“खरं असेल का ते?”

डॉक्टरबाईंनी आवाज चढवला नाही. दर सोमवारी भांडणाऱ्या बाई त्या, पण जिंकल्याचा आव त्यांच्या तोंडावर नव्हता. “कसं कळणार? वायरमनसाठी वकील धावले, कारण धावायला तो होता. गवंड्याची फाईल कोण उघडणार? आणि उघडून दार कुणासाठी उघडणार?”

दादांनी वही मिटली. त्यानंतर ते ‘असावी’ म्हणाले नाहीत आणि ‘नसावी’ही म्हणाले नाहीत. पण साहेबांना त्यांनी लिहून दिलं की हा काटा पावासाठी आहे, त्या कामासाठी मी तो पुन्हा देणार नाही. आणि मला पुन्हा कधी कुणी त्या कामाला उचललं नाही.

पुढे विजेवर चालणारे नवे काटे आले. मला भंगारात काढायचं ठरलं, तेव्हा दादाच म्हणाले, “शाळेला देऊन टाका. पोरं शिकतील.” असा मी तुमच्याकडे आलो. इथे मला कुणी तेल घालत नाही, पुसत नाही, माझी परीक्षा घेत नाही. तेवढं करा, मित्रांनो. गंजलेला काटा थांबतो, तो कुणाचं वाईट करत नाही. पण न तपासलेला काटा चालू राहतो, आणि छातीठोक चालू राहतो. तपासणाऱ्यालाही अधूनमधून तपासा. आणि जिथे चूक भरून देता येणार नाही, तिथे सही करण्याआधी हात थांबू द्या.

तुरतुरे, आता हे तुझ्यासाठी. तुझ्या भाषणातलं एकही वाक्य खोटं नाही. तुझ्या आजोबांच्या भावाला मारलं, हे खरं. तो माणूस पाव खात राहिला, हेही खरं. ते दुःख चष्मिशनेसुद्धा ऐकायला हवं. पण शनिवारी आजोबा पहिल्या रांगेत बसणार आहेत, आणि त्यांनी तुला अर्धीच गोष्ट सांगितली आहे. वाऱ्याने प्रयोगशाळेचं दार आपटू नये म्हणून तुम्ही खाली जे लोखंडी वजन लावता ना, ते तेच, वीस किलोचं! चष्मिशला हाक मार. एकटीला उचलायचं नाही, दोघींनी मिळून ते उलटं करा. बुडाला शिसं दिसेल, हातोडीने पक्कं बसवलेलं. आणि त्या शिशावर खिळ्याने कोरलेली एक तारीख आहे, नोंदवहीच्या त्या पानावरचीच. ती तुझ्या आजोबांनी कोरली आहे.

ती तारीख कुणाची, ते घरी जाऊन त्यांना विचार. आजच विचार.